गायनविद्येचे घर

पुण्याच्या बुधवार पेठेत जोगेश्वरीचे देवालय, दगडूशेठ हलवाई गणपती आणि पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेला अप्पा बळवंत चौक ही स्थळे सर्वांच्या परिचयाची आहेत. ह्याच पेठेत १९०९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने स्वतःचे नाट्यगृह उभारले होते. रात्री उशिरापर्यंत तेथे संगीत नाटके चालत आणि खेळ संपल्यावर प्रेक्षक पदे गुणगुणत घरी परतत. परंतु ती पदे गाणारा गायक, त्याला साथ करणारा तबलजी किंवा सारंगीवादक ह्यांचा चरितार्थ कसा चालतो, त्यांनी विद्या कोठे मिळविली आणि उतारवयात त्यांना आधार कोणाचा, ह्याचा विचार फारच थोडे लोक करीत.

त्या काळी गायनविद्या मिळविणे सोपे नव्हते. शिष्याला गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे. पाणी भरावे, बाजारहाट करावा, गुरूची सेवा करावी आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा दोन ताना पदरात पाडून घ्याव्या, असा तो क्रम असे. विद्या साध्य झाली तरी उपजीविकेची चिंता राहीच. एखाद्या संस्थानिकाचा आश्रय लाभला तर बरे, नाहीतर गावोगाव हिंडून मैफली मिळवाव्या लागत. शिवाय 'गाण्याच्या नादी लागला तो बिघडला' अशी पांढरपेशा घरांतून समजूत होती. मुलींनी गाणे शिकणे तर दूरच राहिले.

ही स्थिती एकट्या गायकाच्या प्रयत्नाने पालटणारी नव्हती. त्यासाठी समाजाने एकत्र येणे अवश्य होते. पुण्यात १८७४ साली बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांच्या पुढाकाराने गायन समाज स्थापन झाला. सुशिक्षितांत संगीताची अभिरुची वाढवावी आणि ह्या कलेला प्रतिष्ठा मिळवून द्यावी, असा त्या मंडळींचा हेतू होता. त्यांनी पेरलेले बीज पुढे दुसऱ्या एका संस्थेच्या रूपाने वाढीस लागले. ती संस्था म्हणजे भारत गायन समाज होय.

ह्या संस्थेचे संस्थापक भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ साली गुजरातेतील कठोर ह्या गावी झाला. गोड गळ्यामुळे त्यांना बालवयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळाला. पण वयात येताना त्यांचा आवाज फुटला. ज्या गळ्यावर सर्व आशा, तोच निकामी झाला! रंगभूमी सुटली. दुसरा एखादा मुलगा येथेच निराश झाला असता. भास्कर मात्र विद्येच्या शोधात निघाला. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा थोर गुरूंजवळ त्याने अपार कष्टाने विद्या संपादन केली. तीन निरनिराळ्या घराण्यांची गायकी एका गळ्यात नांदू लागली आणि भास्करबुवांची कीर्ती सर्वत्र पसरली.

अशी कष्टाने मिळविलेली विद्या पुष्कळ गायक कृपणाच्या धनाप्रमाणे जपून ठेवीत. भास्करबुवांनी तसे केले नाही. १९११ साली त्यांनी पुण्यात संस्था स्थापन केली. प्रारंभी तिचे नाव 'किर्लोस्कर भारत गायन समाज' असे होते. पुढे ती 'भारत गायन समाज' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. ज्याने दारोदार हिंडून विद्या मिळविली, त्यानेच ती इतरांना एका ठिकाणी मिळावी अशी सोय केली.

अशा संस्थेपासून कलावंताला कोणता लाभ होतो? पहिला लाभ विद्येचा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने शिक्षण मिळते. त्यासाठी घरदार सोडावे लागत नाही. दुसरा लाभ उपजीविकेचा. विद्यार्थी शुल्क देतात, सभासद वर्गणी देतात आणि त्यातून शिकविणाऱ्या गायक-वादकांना वेतन मिळते. मैफल मिळो न मिळो, घरी चूल पेटते. तिसरा लाभ श्रोत्यांचा. नवशिक्या गायकाला मोठ्या सभेत कोण बोलावणार? संस्थेच्या बैठकीत मात्र तो जाणकारांपुढे बसतो, चुकतो, सुधारतो आणि एके दिवशी त्याचे नाव चारचौघांच्या तोंडी होते. चौथा लाभ प्रतिष्ठेचा. संगीताची रीतसर शाळा निघाली, म्हणजे आईबाप निर्धास्तपणे आपल्या मुलामुलींना तेथे धाडू लागतात.

ह्या आधाराची खरी कसोटी पुढे लागली. १९२२ साली भास्करबुवा निवर्तले. दहा वर्षांनी, १९३२ साली, 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला आणि बोलपटांकडे लोकांची रीघ लागली. नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. अनेक गायक-वादकांचा रोजगार गेला. बुधवार पेठेतील त्या नाट्यगृहाचेही पुढे चित्रपटगृह झाले. नाट्यगृह गेले, पण गायनाची शाळा टिकली. कारण ती एका खेळाच्या उत्पन्नावर नव्हे, तर अनेकांच्या जिव्हाळ्यावर उभी होती.

भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी गुरूंच्या पश्चात अनेक वर्षे संस्थेची धुरा वाहिली. आळंदीस जन्मलेला हा मुलगा बालवयात नाटकात गात असे. १९११ सालापासून त्याला भास्करबुवांची तालीम मिळाली. पुढे 'कान्होपात्रा' हे नाटक, तसेच 'माणूस' व 'शेजारी' हे प्रभातचे चित्रपट त्यांनी संगीताने नटविले. एवढी कीर्ती मिळूनही ते शिकविण्याचे काम विसरले नाहीत. 'रागसंग्रह' ह्या पुस्तकमालेत त्यांनी अनेक रागांतील चिजा स्वरलिपीसह छापल्या. जी विद्या गुरूच्या मर्जीने एकेका शिष्याला मिळे, ती आता पुस्तकाच्या रूपाने कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आली.

पुण्यातील इतर मंडळींनीही हा वारसा वाढविला. १९५२ साली सवाई गंधर्व यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ साली जो संगीत महोत्सव सुरू केला, तो आज देशभर विख्यात आहे. त्याच्या व्यासपीठावर थोर कलावंतांबरोबर नव्या गायक-वादकांनाही स्थान मिळते. भारत गायन समाजाचे कार्यही चालू आहे आणि भास्करबुवांच्या पुण्यतिथीनिमित्त तेथे गायन-वादनाचा समारोह होतो.

तंबोऱ्याला चार तारा असतात. एकीनेच सूर भरत नाही. चारही तारा जुळल्या, म्हणजे गाणाऱ्याला आधार मिळतो. गायक, शिक्षक, सभासद आणि श्रोते ही संस्थेची चार तारांसारखी चार अंगे आहेत. आपण सर्वच काही गवई होणार नाही. पण आपल्या गावच्या नवशिक्या गायकाचे गाणे शांतपणे ऐकून घेणारा श्रोता होणे प्रत्येकाला शक्य आहे, आणि कलेची तीही सेवाच आहे.