पोटगीचा हुकूम आणि मालमत्तेवरील बोजा

न्यायालयाने पोटगीचा हुकूम दिला म्हणजे परित्यक्तेचा प्रश्न सुटला, असा एक सोयीस्कर समज समाजात रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की, हुकूम मिळणे आणि रक्कम हाती पडणे यांत फार मोठे अंतर असते. आणि ते कापण्याचा खर्च जिच्यापाशी पैसा नाही तिलाच सोसावा लागतो.

कायदा याबाबतीत अगदीच दुबळा आहे असे नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. थकलेली पोटगी दंडाप्रमाणे जप्तीने वसूल करण्याची आणि तरीही ती न भरल्यास कैदेत टाकण्याची तरतूद तेथे कायम आहे. कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले. दिवाणी प्रक्रिया संहिता तर त्याही पुढे जाते. सामान्य देण्यापायी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. पोटगी हे इतर देण्यांसारखे देणे नव्हे, हे तत्त्व कायद्याने स्वीकारलेलेच आहे.

मग अडते कोठे? नोकरदाराचा पगार उघड असतो. व्यापारी वा ठेकेदार यांचे उत्पन्न दिसत नाही. दिसते ती मालमत्ता. जप्तीचे वॉरंट निघेपर्यंत ट्रक भावाच्या नावावर चढवता येतो. बँकेच्या बाबतीत असे सहसा घडत नाही, कारण कर्ज देतानाच तिचा बोजा वाहनाच्या नोंदणीपुस्तकात नोंदला जातो. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यातील इतर हक्कांच्या रकान्यात चढतो. पत्नी व मुले हीही धनकोच. पण त्यांची नोंद कोठेच आपोआप होत नाही.

अमेरिकेत १९९६ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्यावर असे बंधन घातले की, अपत्याची पोटगी थकताच पालकाच्या स्थावर व जंगम मालमत्तेवर कायद्यानेच बोजा निर्माण व्हावा. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या थकबाकीला सुरक्षित धनकोंच्या हक्कांहूनही अग्रक्रम दिला. परंतु ज्या हक्काची दप्तरी नोंद नाही, त्याचा अग्रक्रम मालमत्ता विकली गेल्यानंतर काय कामाचा?

खरोखरच उत्पन्न बुडालेल्या माणसावर यामुळे अन्याय होईल, अशी शंका घेतली जाईल. तथापि बोजा म्हणजे जप्ती नव्हे. तो मालमत्ता हिरावून घेत नाही, परस्पर विल्हेवाट तेवढी रोखतो. शिवाय स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना जप्तीपासून आजही संरक्षण आहेच. म्हणून तीन महिन्यांची पोटगी थकताच हुकमाची प्रत न्यायालयातूनच दुय्यम निबंधक, तलाठी व परिवहन कार्यालय यांच्याकडे जावी आणि तेथे बोजा चढावा, अशी दुरुस्ती कायद्यात करणे अगत्याचे आहे. कर्जाचा हप्ता बुडू नये म्हणून जी दक्षता घेतली जाते, निदान तेवढी तरी मुलांच्या भाकरीसाठी घेतली गेली पाहिजे.