गाडी टायर का खाते?

टायरच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, तुमची गाडी टायर खातेय." मग उतरवलेला टायर फिरवून दाखवला जातो. बाहेरच्या अंगाला नक्षी शाबूत, आणि आतली कड इतकी झिजलेली की रबराखालच्या तारा उघड्या पडल्यात. गाडी उभी असताना ही कड दिसत नाही, त्यामुळे सगळा पावसाळा खड्ड्यांतून गाडी चालवलेला मालक बेसावध असतो. दोष टायरच्या कंपनीवर टाकून मोकळं होता येतं. पण खरं कारण बहुतेक वेळा चाकाच्या कोनात असतं, आणि तो कोन का बिघडला याचं उत्तर त्याच्याही मागे, सस्पेन्शनच्या सांध्यांत.

चाकाच्या कोनांपैकी टायरचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे 'टो'. वरून पाहिलं तर समोरची दोन चाकं समांतर आहेत, पुढच्या टोकांना जवळ आलीत की फाकलीत, हे टो सांगतो. यात किती चूक चालते? घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो, तेवढा कोन म्हणजे 1 अंश. चाक तेवढं वळलेलं असेल तर नुसत्या नजरेला ते कळणंही अवघड. पण तेच चाक दर किलोमीटरला साडेसतरा मीटर आडवं ओढलं जातं. हा शाळेतल्या त्रिकोणमितीचा हिशेब आहे. 1 अंशाची साइन 0.0175. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटरचा प्रवास झाला की चाक अडीच किलोमीटरहून जास्त अंतर आडवं ओढलं गेलेलं असतं. म्हणूनच टोमध्ये कंपनी जी सूट देते ती बहुतेक मोटारींना अंशाच्या दशांशांत मोजावी लागते.

ही झीज हाताला कळते. रस्त्याला टेकलेल्या रबराचे ठोकळे आडवे ताणले जातात आणि रस्ता सोडण्याच्या क्षणी सुटून जागेवर येतात. त्या सुटण्यात रबर खरवडलं जातं. प्रत्येक ठोकळ्याची एक कड गोलावते, दुसरी धारदार होते. जाणता मेकॅनिक मशीनकडे जाण्याआधी टायरवरून तळवा फिरवतो, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका बाजूने हात सहज सरकतो, उलट फिरवला की बोटांना धार लागते. धार कुठल्या दिशेला आहे त्यावरून चाकं आत वळलीत की बाहेर, हे तो सांगू शकतो. कॅम्बर म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल. तो बिघडला तरी एकच कड झिजते, पण तिथे ही धार सापडत नाही. शॉकअप मेलेला असेल तर टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडतात, कारण चाक रस्त्यावर सलग न टेकता उड्या मारत जातं.

तिसरा कोन कॅस्टर. त्याने टायर सहसा झिजत नाही, पण स्टिअरिंगचा स्वभाव तोच ठरवतो. चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचं वरचं टोक थोडं मागे झुकवलेलं असतं. हा अक्ष खाली वाढवला तर तो टायर टेकतो त्या जागेच्या पुढे रस्त्याला भिडतो. म्हणजे टायर नेहमी अक्षाच्या मागून ओढला जातो, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. सायकलचा पुढचा फोर्क तिरपा असतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. दोन चाकांच्या कॅस्टरमध्ये फरक पडला तर ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते.

आता एक साधा प्रश्न. सरळ लोळणारं चाक सर्वांत कमी झिजतं, तर कंपन्या टो शून्यच का देत नाहीत? कारण मोजणी उभ्या गाडीची होते आणि टायर झिजतो चालत्या गाडीत. सस्पेन्शनचे आर्म गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांनी जोडलेले असतात. रस्त्याचे धक्के केबिनपर्यंत पोचू नयेत म्हणून हे रबर मुद्दाम दबणारं ठेवतात. मागच्या चाकांना इंजिनचा जोर असलेली गाडी पळते तेव्हा पुढची चाकं रस्त्याच्या ओढीने मागे रेटली जातात, बुश दबतात आणि चाकं किंचित फाकतात. ते भरून निघावं म्हणून उभ्या गाडीत ती थोडी आत वळवून ठेवतात. पुढच्या चाकांना जोर असलेल्या अनेक गाड्यांत उलटं घडतं, म्हणून तिथे टो शून्याजवळ किंवा किंचित बाहेर दिलेला असतो. अलाइनमेंटच्या तक्त्यातला आकडा असा रबराच्या ठरावीक दबण्यावर बेतलेला असतो.

बुश फाटला की हा सगळा हिशेब कोसळतो. उभ्या गाडीत आर्म आपल्या जागेवर बसलेला असतो, मशीन हिरवा रंग दाखवतं, गिऱ्हाईक पैसे देऊन निघतं. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला की चाक मागे सरकतं, टो पार बदलतो, ब्रेक सोडला की परत येतो. अशी गाडी टायर खातच राहते आणि मालक दर तीन महिन्यांनी अलाइनमेंट करून घेत राहतो. म्हणून माझं ठाम मत आहे की सांधे न तपासता केलेलं अलाइनमेंट हे काम म्हणून धरूच नये. गाडी थेट रॅम्पवर चढवून पाच मिनिटांत कागद हातात देणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये.

तपासणीला भारी यंत्र लागत नाही. आधी चारही टायरांतली हवा सारखी करायची. मग चाक जमिनीवरून उचलायचं, एक हात वर आणि एक खाली धरून हलवायचं. खडखड जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हींतलं नेमकं कोणतं हे ओळखायला दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. खडखड थांबली तर प्ले बेअरिंगमध्ये, तशीच राहिली तर बॉल जॉइंटमध्ये. हात डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर संशय टाय रॉड एंडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर. बुशाजवळ टॉमी अडकवून आर्म हलवला की फाटलेलं रबर उघडं पडतं. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर त्याचं आयुष्य संपत आलं असं समजावं. छोट्या छिद्रांतून तेल ढकलून स्प्रिंगच्या उड्यांची उष्णता करणं हेच त्याचं काम, आणि तेलच गळालं तर उड्या कोण थांबवणार? बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबून पाहतात, पण त्या चाचणीत पूर्ण मेलेलाच शॉकअप सापडतो, अर्धा मेलेला सुटून जातो.

कॅम्बरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढे मॅकफरसन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफरसन या अमेरिकी अभियंत्याने 1940च्या दशकात ही रचना विकसित केली. स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा वरचा आधार एकाच खांबात असल्याने ती स्वस्तात बसते, जागा कमी घेते. यांतल्या अनेक गाड्यांना कॅम्बर बदलण्याची सोयच नसते. तेव्हा कॅम्बर बिघडलाय याचा अर्थ आर्म, स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय, नाहीतर एखादा सांधा बसलाय. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट उलटा वाकवून 'कॅम्बर काढून' देतात. एकदा वाकलेलं पोलाद परत वाकवलं की त्याची ताकद कमी होते, आणि हा भाग पुढचं चाक धरून ठेवतो. इथे वाकलेला भाग बदलणं हाच उपाय आहे.

सांधे ठीक निघाले की मशीनची पाळी. चाकांवर परावर्तक पट्ट्या बसवून समोरचे कॅमेरे त्यांच्याकडे बघतात, आणि गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात. ते ढकलणं वगळू देऊ नका. रिम थोडी वाकडी असली किंवा क्लॅम्प तिरपा बसला तरी चाक फिरताना त्याचा खरा अक्ष कॅमेऱ्याला कळतो. मोजणी मागच्या चाकांपासून सुरू होते, कारण गाडी कुठे निघालीय हे मागचा ॲक्सल ठरवतो. महामार्गावर काही ट्रक तिरके चालताना दिसतात, पुढचं अंग एका रेषेत आणि मागचं दुसऱ्या. तो सरकलेल्या ॲक्सलचा परिणाम. शेवटी स्टिअरिंग सरळ बांधून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून टो बसवतात. जुने मिस्त्री हेच काम सूत ताणून आणि ओळंबा सोडून करायचे. 15 इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे 0.15 अंश, त्यामुळे हात स्थिर असेल तर सुतानेही चांगलं माप मिळतं.

वळणावरचा टो ही वेगळीच गोष्ट आहे. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते जास्त वळायला हवं. 1817 साली म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पर्गर या बग्गी बनवणाऱ्याने याची युक्ती काढली, 1818 मध्ये लंडनमधल्या रुडॉल्फ ॲकरमन या प्रतिनिधीने तिचं पेटंट घेतलं आणि नाव ॲकरमनचं झालं. खड्ड्यात आपटून स्टिअरिंगचा आर्म वाकला असेल तर सरळ रस्त्यावर टो बरोबर दिसतो, पण पार्किंगमध्ये वळवताना टायर चिरकतात.

टोमुळे होणारी ही आडवी ओढ थेटही मोजता येते. जपानच्या सक्तीच्या वाहन तपासणीत गाडी हळूच एका सरकत्या पाटीवरून नेतात. 1 मीटर पुढे जाताना पाटी 5 मिलिमीटरहून जास्त आडवी सरकली की गाडी नापास. दर किलोमीटरला 5 मीटर, म्हणजे अंशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

एवढं करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, आणि आपण डावीकडून चालवत असल्याने निरोगी गाडीही हळूहळू डावीकडे जाते. सपाट रस्त्यावरही ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवून बघावेत. मात्र एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले, बाण असलेले टायर असतील तर नाही. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली तर दोष टायरच्या घडणीत आहे, तो कुठल्याही अलाइनमेंटने जाणार नाही. बाजू तीच राहिली तर अडकलेला ब्रेक, दोन चाकांचा कॅस्टर आणि मागचा ॲक्सल, या क्रमाने तपासायला सांगावं.