बाळ डब्याचे दूध घेत नाही

आमचा नातू तेव्हा पाच महिन्यांचा होता. सूनबाईला कामावर जाणे भाग होते. डॉक्टरांना विचारून डब्याची पावडर आणली. पोराने पहिलाच चमचा फुर्रकन थुंकला. आजी म्हणाली, "आजोबांवर गेलाय, हट्टी!" आम्ही गप्प बसलो.

पण हा हट्ट नव्हे. बाळाला आईचा वास कळतो. आई जवळ असताना ते दुसरे दूध कशाला घेईल? म्हणून आईने बाजूला व्हावे, दुसऱ्या कोणी पाजावे. रडून लाल होण्याआधीच पाजावे. वाटी-चमचा बरा. बाटलीचे रबरी बूच नीट धुतले जात नाही, मग जुलाब लागतात. चमचा ओठाला लावून थांबावे. नाक दाबून ओतू नये. दूध श्वासनळीत जाते. आज दोन चमचे, उद्या चार घेईल. मात्र लघवी कमी झाली, बाळ मलूल दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा.

पावडर उकळलेल्या गरम पाण्यात कालवावी, कोमट झाल्यावर पाजावी. माप डब्यावर छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा वाचाच! पावडर महाग म्हणून पाणी वाढवले, तर पोट भरते पण पोर वाळते. उष्टे दूध टाकून द्यावे.

पुढे नर्सबाईंनी सांगितले, "सहा महिने आईचेच दूध पुरते. पिळून, स्वच्छ वाटीत, गार जागी झाकून ठेवा. चार तास टिकते." सूनबाई तसे करू लागली. नातवाने तेच दूध चमच्याने मिटक्या मारीत घेतले!

डब्यात आता आजी मोहरी ठेवते.