नवस आणि कृपा : मराठी ख्रिस्ती परंपरेतील आरोग्यदानाचा विचार

नाशिकरोड येथील बाळ येशूच्या मंदिरात दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात यात्रा भरते. या यात्रेस येणाऱ्या भाविकांत ख्रिस्ती आणि ख्रिस्तीतर असे दोन्ही असतात. कोणी आजारातून उठलेल्या मुलाला घेऊन मेणबत्ती लावावयास येतो, कोणी अद्याप अंथरुणावर असलेल्या माणसासाठी मागणे मागतो. दोघांच्याही तोंडी ‘नवस’ आणि ‘कृपा’ हे दोन शब्द असतात, आणि बोलण्याच्या ओघात ते एकमेकांच्या जागी सहज येतात. वस्तुतः या दोन शब्दांमागे परमेश्वराविषयीच्या दोन भिन्न कल्पना उभ्या आहेत. चमत्काराने होणाऱ्या आरोग्यप्राप्तीचा ख्रिस्ती विचार समजून घेताना हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

नवसाची भाषा ही ऋणाची भाषा आहे. नवस बोलला जातो आणि इच्छा पूर्ण झाल्यावर तो फेडला जातो. त्यात अट असते, मुदत असते आणि चुकवावयाचे देणे असते. कृपेच्या बाबतीत मराठी भाषेनेच वेगळा व्यवहार ठरवून दिला आहे. कृपा मागता येते, कृपा होते. पण ती कोणी फेडत नाही. हा विवेक मराठी मनाला परका नव्हता. नवसाने संतती होते या समजुतीचा तुकोबांनी केलेला उपहास सर्वश्रुत आहे. ख्रिस्ती धर्मविचार मराठीत आला तेव्हा त्याला ‘कृपा’ हा शब्द भक्तिपरंपरेच्या हातूनच, अर्थाने भरलेला असा, मिळाला.

या शब्दाचा ख्रिस्ती आशयासाठी विस्तृत काव्यगत उपयोग फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आढळतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र आणि त्याची अद्भुत कृत्ये पुराणाच्या घाटात सांगितली. पुराणाच्या श्रोत्याला देवाच्या सामर्थ्याची कथा नवी नव्हती. अशा श्रोत्यासमोर येशूची आरोग्यदाने ठेवताना प्रश्न सामर्थ्याचा उरत नाही, तर ते सामर्थ्य कोणासाठी आणि कशाच्या मोबदल्यात वापरले गेले, हा होतो.

या प्रश्नाचे शुभवर्तमानांतील उत्तर स्पष्ट आहे. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य येतो. त्याने काही कबूल केलेले नाही; आपणास कोणी बरे केले हेही त्याला प्रथम ठाऊक नसते. त्याचे आरोग्य कोणत्याही पुण्याईचे वेतन ठरत नाही. जन्मांधाच्या कथेत शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू ते दोन्ही पर्याय नाकारतो. आजार म्हणजे पूर्वपापाचे फळ, हे समीकरण येथे मोडते. आणि ते मोडले की रोग्याच्या माथी आजाराबरोबर दोषही मारण्याची सोय उरत नाही.

लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा याच्याही पुढे जाते. दहाही जण शुद्ध होतात, परंतु आभार मानावयास एकच परततो, आणि तो शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने परका असतो. त्याला उद्देशून येशू जे क्रियापद वापरतो त्याचे मूळ ग्रीकमध्ये ‘बरे करणे’ आणि ‘तारणे’ असे दोन्ही अर्थ होतात. मराठीतील ‘बरा’ हा शब्द येथे सूचक ठरतो, कारण तो रोगमुक्त माणसाला लागतो तसाच चांगल्या माणसालाही लागतो. नऊ जणांचे शरीर बरे झाले. दहाव्याचा देवाशी असलेला संबंधही बरा झाला.

मात्र बेथेस्दाच्या काठी आणखी पुष्कळ रोगी पडले होते, आणि कथेत उठून चालतो तो एकच. न उठलेल्यांचे काय, हा प्रश्न टाळून कृपेचा विचार पूर्ण होत नाही. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. म्हणून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे रोग्याच्या आप्तांना सांगणे हे मूळ शिकवणीशीच विसंगत आहे. कृपेला विश्वासाच्या मापाने मोजू लागले की तिचा पुन्हा नवस होतो. चमत्काराच्या बाबतीत चर्चनेही सावधपणा राखला आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून लोटणाऱ्या असंख्य रुग्णांपैकी वैद्यकीय तपासणीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली उदाहरणे सुमारे ७० आहेत.

कृपेचा हा व्यापक अर्थ मराठी साहित्यात उतरला तो नाशिकच्याच परिसरातील एका लेखिकेच्या हातून. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूरचा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पुढे राहुरीस असताना जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांच्या मनातील शिवाशिव गळून पडली. ‘स्मृतिचित्रे’त हा पालट कोणत्याही दिव्य दृष्टांताचा आव न आणता, घरगुती शब्दांत सांगितला आहे. जुने दुखणे जावे तशी येथे एक भीती जाते. आरोग्यदान या शब्दाला येथे शरीरापलीकडचा अर्थ लाभतो.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते महाकाव्य पुरे केले. मृत्यू टळला नाही. परंतु मृत्यूने खंडित केलेले काम खंडित राहिले नाही. पौलाला मिळालेल्या आश्वासनाशी ताडून पाहता, कृपेच्या अनुभवाचे हेही एक रूप मानावे लागते.

या प्रकाशात नाशिकरोडच्या यात्रेतील मेणबत्तीकडे दोन प्रकारे पाहता येते. ती फेडलेल्या देण्याची पावती असू शकते, किंवा परतून आलेल्या शोमरोन्याचे आभार. पहिल्या अर्थाने ती केवळ बरे झालेल्यांनीच लावावयाची असते. दुसऱ्या अर्थाने मात्र ज्याचा रोगी अद्याप अंथरुणावर आहे, त्यालाही ती लावता येते.