फुरकियाच्या डाकबंगल्यांत एक रात्र

मंठ्यास बर्फ म्हणजे उन्हाळ्यांत गोळेवाल्याच्या गाडीवर पोत्यांत गुंडाळून ठेवलेली लादी. मे महिन्यांत काळ्या मातीवर जें ऊन तळपतें, त्यांत ती लादीही दुपारपर्यंत पुरत नाहीं. अशा गांवीं आमचे थोरले बंधु अण्णा यांनीं तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला आणि दर वर्षीं फळ्यावर हिमनदीचें चित्र काढिलें. पाणी वाहतें हें मुलांना ठाऊक. पण बर्फही वाहतो, हें सांगतांना आपलाच आवाज आपणांस खोटा वाटतो, असें ते म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनीं एकच हट्ट धरला. हिमनदी डोळ्यांनीं पाहावयाची.

निवड पिंडारीची झाली. कारण कुमाऊंतील या वाटेवर प्रत्येक मजलेस छप्पर आहे. इंग्रजी अमदानींत येथें डाकबंगले बांधले गेले; पुढें कुमाऊं मंडल विकास निगमाचीं विश्रामगृहेंही झालीं. आमच्यासारख्या, तंबू ठोकण्याची संवय नसलेल्या कुटुंबवत्सल माणसांस हीच सोय. अण्णा, वहिनी, त्यांचे चिरंजीव व आम्ही, असे चौघे मेअखेरीस जालन्याहून सचखंड एक्सप्रेसनें दिल्लीस व तेथून काठगोदामास गेलों. पुढें अल्मोडा, बागेश्वर, कपकोट. खरकियापर्यंत जीप जाते, मग पायवाट. वहिनींनीं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू यांचे तीन डबे घेतले होते, व त्यांतील एकही कमी करण्यास त्या तयार नव्हत्या.

खाती हें या खोऱ्यांतील शेवटचें गांव. त्याची उंची सुमारें ७,२०० फूट. तेथून पिंडर नदीच्या कांठानें चढत गेलें म्हणजे द्वाली येतें. येथें पिंडर व कफनी या नद्यांचा संगम आहे. आम्ही दुपारीं तेथें पोंचलों तेव्हां वाटाड्या म्हणाला, "बाबूजी, आज मुक्काम इथेंच करावा." परतीचीं तिकिटें काढलेलीं, वाटेंत एक दिवस पावसानें खाल्लेला. आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं. अण्णांस विचारलें, तर ते पाय दुखत असूनही "चला" म्हणाले; त्यांच्या वयास विचारावयास हवें होतें, तें आम्हीं केलें नाहीं.

द्वालीपासून फुरकिया पांच किलोमीटर, पण चढ दोन हजार फुटांहून अधिक. बुरांसाचीं झाडें हळूहळू खुजीं होतात, मग भूर्जपत्राचीं झाडें लागतात, आणि दरडींतून खालीं आलेल्या जुन्या हिमाचे मळकट ढीग वाटेवर आडवे पडलेले असतात. फुरकिया म्हणजे गांव नव्हे. दगडी भिंतींच्या व पत्र्याच्या छपराच्या दोनचार इमारती आणि एक चौकीदार. त्याच्याकडील पीठ, रॉकेल, गॅसची टाकी, सारें खेंचराच्या पाठीवरून येतें. म्हणून येथें काडीपेटी मागतांनाही माणसानें जरा विचार करावा.

वहिनींनीं हौसेनें तुरीचें वरण शिजत लाविलें. दीड तास झाला तरी डाळ दाण्यासारखी. चौकीदार हंसून म्हणाला, "माताजी, इथें पाणी लवकर उकळतें, म्हणूनच डाळ शिजत नाहीं." १०,७०० फुटांवर पाणी सुमारें नव्वद अंशांसच उकळूं लागतें, मग कितीही जाळ घाला, तें त्याहून तापत नाहीं. त्यानें आपला प्रेशर कुकर दिला. वहिनींनीं पुढें आठ दिवस हा प्रसंग ज्यास त्यास सांगितला.

अण्णांनीं मात्र पान तसेंच सारिलें. डोकें ठणकत होतें. दहाच्या सुमारास दोनदा उलटी झाली. एका दिवसांत साडेतीन हजार फूट चढून आल्याचें हें फळ. उंचीवर हवा विरळ होते, शरीरास तिची संवय व्हावयास दिवस लागतात. दहा हजार फुटांच्या वर निजण्याची जागा रोज दीड हजार फुटांहून अधिक वाढवूं नये, असा नियम आहे. आम्हांस तो वाचून ठाऊक होता! चौकीदारानें अण्णांस कंदिलाच्या उजेडांत फरशीच्या रेघेवरून टांचेस टांच लावून चालावयास लाविलें. तोल जाता, बसल्या जागीं धाप लागती किंवा बोलण्यांत भ्रम होता, तर रात्रींच खालीं न्यावें लागलें असतें. ते नीट चालले. तरी त्या रात्रीं पत्र्यावर वारा आपटत असतांना आम्ही त्यांचे श्वास मोजीत बसलों. वहिनी एक शब्द बोलल्या नाहींत. बोलत्या तर बरें झालें असतें.

उजाडलें तेव्हां नंदाखाटचें शिखर लाल झालें होतें, आणि डोकेंदुखी कायम होती. अण्णा म्हणाले, "आतां सात किलोमीटर राहिलें." वहिनी म्हणाल्या, "हजारों वर्षें आहे ती तिथें. कुठें जात नाहीं."

"तीच तर जाते आहे," अण्णा म्हणाले.

तें खरेंच होतें. १९०६ सालीं भूगर्भ खात्याच्या कॉटर व ब्राऊन यांनीं पिंडारीची पाहणी केली; तेव्हांपासून तिचें मुख एक किलोमीटरहून अधिक मागें गेलें आहे. स्वित्झर्लंडांत आलेच हिमनदीच्या कांठीं कॉंकॉर्डिया नांवाचें गिर्यारोहकांचें विश्रामस्थान आहे. १८७७ सालीं तें बांधलें तेव्हां बर्फ पन्नास मीटर खालीं होता. बर्फ खचत गेला, आणि घर जागेवरच असतांना त्यास लोखंडी जिना जोडावा लागला. आतां चारशेंहून अधिक पायऱ्या चढून जावें लागतें, आणि जिना खालच्या बाजूनें वाढवीतच आहेत.

पण डोकें दुखत असतां वर जावयाचें नाहीं, यांत तडजोड नव्हती. अण्णा, वहिनी व चिरंजीव द्वालीस उतरले. "कोणीतरी पाहून या," असें अण्णांनीं बजाविल्यावरून आम्ही वाटाड्यासह पुढें गेलों. सुमारें १२,००० फुटांवर वाट संपते. पलीकडे कडा तुटलेला, समोर भेगांनीं चिरलेला बर्फ उतरून मध्येंच थांबलेला, आणि त्याच्या खालीं मोकळे दगडगोटे. अण्णांच्या फळ्यावरील चित्रांत बर्फ थेट पायथ्याशीं येत असे. आम्ही तेथें अर्धा तास होतों. पैकीं बहुतेक वेळ द्वालीचाच विचार चालला होता.

संध्याकाळीं द्वालीस पोंचलों तों अण्णा अंगणांत बसून चहा पीत होते. डोकें उतरलें होतें. आम्हीं वर्णन सुरू केलें. त्यांनीं हातानें थांबवून शेजारचा पेला दाखविला. सकाळीं पिंडरचें दुधट पाणी त्यांत भरून ठेविलें होतें. वर पाणी निवळशंख झालें होतें, आणि तळाशीं, वस्त्रगाळ राखेहून मऊ, करड्या गाळाचा थर बसला होता.

"बर्फानें खडक दळून केलेलें पीठ," ते म्हणाले, आणि बोटानें थोडें उचलून वहिनींच्या तळहातावर ठेविलें.