लघवीचा वास : चिनी वैद्य काय सांगत, आपण काय करावे?

लघवीला उग्र वास येऊ लागला, तरी घरात त्याविषयी कुणी बोलत नाही. बायामाणसे तर मुळीच नाहीत. दोन तांबे पाणी जास्त ओतले की विषय संपला! चीनमधल्या जुन्या वैद्यांना मात्र या गोष्टीची लाज वाटली नाही. लघवीचा रंग, वास आणि प्रमाण यांवरून ते आजाराचा अंदाज बांधत. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि कुठे सावध राहावे, ते या वेळी आम्ही सांगणार आहोत.

चिनी वैद्याची तपासणी

चिनी वैद्यकात रोगी तपासण्याच्या चार रीती आहेत. पाहणे ही पहिली, विचारपूस ही तिसरी आणि नाडी व अंग चाचपणे ही चौथी. दुसऱ्या रीतीचे नाव ‘वेन’. चिनी भाषेत या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : ऐकणे आणि वास घेणे. म्हणून वैद्य रोग्याचा आवाज व खोकला ऐकतो, तसाच श्वासाचा, घामाचा आणि लघवीचा वासही विचारात घेतो.

लघवी थोडी, गडद, उग्र वासाची असेल आणि जळजळ होत असेल, तर मूत्राशयात ‘ओलसर उष्णता’ साचली, असे हे वैद्यक म्हणते. लघवी भरपूर, पाण्यासारखी आणि वास नसलेली असेल, तर शरीरात ‘थंडी’ वाढली, मूत्रपिंडाची ऊब कमी झाली, असे मानते. दुखत, थेंब थेंब होणाऱ्या लघवीला ‘लिन’ म्हणतात. उष्णतेचा लिन, खड्याचा लिन, रक्ताचा लिन असे त्याचे प्रकार आहेत.

आपल्याकडेही ‘उन्हाळी लागली’, ‘उष्णता झाली’ असेच म्हणतात. धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा देतात. पाणी पोटात गेल्याने थोडे बरे वाटतेही. पण आत जंतू असतील, तर ते अशाने मरत नाहीत.

गोड लघवीची नोंद

चिनी वैद्यांचे निरीक्षण बारीक होते. सतत तहान लागणे, शरीर झिजणे या आजाराला ते ‘शियाओ-के’ म्हणत. अशा रोग्याची लघवी गोड असते, ही नोंद वांग ताओ यांनी इ.स. 752 मध्ये संकलित केलेल्या ‘वायताय मियाओ’ या ग्रंथात आहे. आज आपण ज्याला मधुमेह म्हणतो, त्याचीच ही खूण.

वास का येतो?

पाणी कमी प्यायल्यावर लघवी दाट होते आणि वास वाढतो. लघवी साचून राहिली की तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो. मुतारीत येतो तो हाच वास. मेथी, लसूण किंवा ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही वास बदलतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाण वासासोबत जळजळ, वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणे असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. नुसत्या वासावरून मात्र काही ठरत नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते.

बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा संसर्ग जास्त होतो. वस्तीत त्यात भर पडते ती संडासाची. रांग मोठी, रात्री अंधार, म्हणून बाया पाणीच कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. हा दोष त्यांच्या शरीरातल्या ‘उष्णते’चा नव्हे. संडासात दिवा, पाणी आणि आतून लागणारी कडी असणे हीसुद्धा आरोग्याचीच मागणी आहे.

झाडपाला म्हणजे निर्धोक नव्हे

लिनवर चीनमध्ये ‘मूथोंग’ नावाची वनस्पती देत. पुढे तिच्या जागी ‘ग्वान मूथोंग’ ही दुसरीच वनस्पती वापरात आली. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्करोगही होतो. 2003 मध्ये चीनने तिच्यावर बंदी घातली. त्याआधी, 1990 नंतरच्या काही वर्षांत, बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या शंभरहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे याच आम्लाने बिघडली होती. म्हणून आमचे सांगणे आहे : पुडीवर नाव नसलेले, ‘मुळापासून उष्णता काढतो’ म्हणून विकलेले औषध घेऊ नका. मग ते चिनी असो की गावठी.

घरी काय करावे?

• लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर किती प्यावे ते डॉक्टरांना विचारा.
• लघवी दाबून धरू नका. मुलींना शौचानंतर पुढून मागे धुवायला शिकवा.
• तपासणीसाठी पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्या.
• शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले तरी पूर्ण घ्या.

ताबडतोब दवाखान्यात कधी जावे?

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे, लघवीतून रक्त किंवा लघवी बंद होणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्याबाबतीत साधी जळजळही अंगावर काढू नये. मधुमेही माणसाला उलट्या, धाप आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल, तर रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठा.

लघवीची साधी तपासणी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत होते. तिथे गेल्यावर ‘अंगात उष्णता आहे’ एवढेच सांगू नका. वास कधीपासून येतो, जळजळ होते का, दिवसात किती वेळा जावे लागते, हे न लाजता सांगा. चिनी वैद्यही हेच विचारत, आणि आजचे डॉक्टरही हेच विचारतील.