गुलाबी स्पिटफायर: टेहळणी विमानांच्या रंगांमागचं गणित

आजच्या भागात बोलायचंय ते रंगाबद्दल. युद्धातलं विमान गुलाबी असतं असं सांगितलं तर हसू येईल. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या काही स्पिटफायर खरोखरच फिक्या गुलाबी होत्या. हौस म्हणून नाही, वैमानिक जिवंत परत यावा म्हणून.

आधी अडचण काय होती ते बघू. शत्रूच्या बंदरांचे, विमानतळांचे फोटो काढायचे तर एकट्यानेच आत घुसावं लागतं. १९३९ मध्ये मॉरिस लाँगबॉटम या अधिकाऱ्याने मांडलं की हे काम छोट्या, वेगवान विमानाने करावं. बंदुका काढा, त्या वजनाऐवजी कॅमेरे आणि जास्तीचं इंधन भरा. म्हणजे पकडलं गेलं तर उलटा वार करायची सोयच नाही! मग उरतं काय? वेग, उंची, आणि न दिसणं.

न दिसण्याचा ध्यास घेतला सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन माणसाने. आणि इथे आपल्याकडचा एक धागा येतो. कॉटनने स्वतः सांगितलेली हकीकत अशी: लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचं विमान उडालं, ते बदकाच्या अंड्यासारख्या फिक्या हिरवट रंगाचं होतं आणि बघता बघता आकाशात विरून गेलं. कॉटनने तसाच रंग करून घेतला, नाव दिलं 'कॅमोटिंट'. १८ नोव्हेंबर १९३९ ला लाँगबॉटमनेच फ्रान्समधून आखेनच्या दिशेने स्पिटफायरची पहिली फोटो-मोहीम केली.

पण एकच रंग सगळीकडे चालत नाही. तीस हजार फुटांवर हवा विरळ, म्हणून वरचं आकाश गडद निळं दिसतं. तिथे फिकट विमान उलट उठून दिसणार. म्हणून उंचावरच्या विमानांना वरून-खालून एकच मध्यम निळा रंग आला, तो 'पीआरयू ब्लू'.

मग गुलाबी कशाला? ढग दाट असले की उंचावरून फोटो मिळत नाहीत, ढगाखाली उतरावं लागतं. पांढुरक्या ढगाच्या पार्श्वभूमीवर, विशेषतः पहाटे-संध्याकाळी, फिका गुलाबी मिसळून जातो. तोटाही तितकाच सरळ आहे: वरून शत्रूने पाहिलं तर हिरव्या जमिनीवर तोच गुलाबी ठिपका लगेच डोळ्यात भरतो.

आता चिन्हांकडे वळू. ब्रिटिश गोल चिन्हातला पांढरा आणि पिवळा लांबूनही चमकतो. म्हणून या विमानांवर बऱ्याचदा फक्त लाल-निळं चिन्ह असायचं. पण फार लपलात तर आपलेच लोक गोळ्या घालतात, ही दुसरी भीती. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत दोस्तांच्या तोफांनी दोस्तांचीच वाहतूक विमानं पाडली होती. म्हणून जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत काळे-पांढरे पट्टे मारले गेले, आणि ते टेहळणी स्पिटफायरवरही आले. लपण्यासाठी रंगवलेल्या विमानावर झेब्र्याचे पट्टे!

आपल्या बाजूच्या आघाडीवर गंमत आणखी वेगळी. कोलकात्याच्या डमडमला जानेवारी १९४३ मध्ये ६८१ स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्या निळ्या स्पिटफायर ब्रह्मदेशावर फोटो काढायच्या. तिथे चिन्हातला लालच काढून टाकला, कारण जपानी विमानावर लाल गोळा असायचा. क्षणभराचा घोटाळाही जीवघेणा ठरला असता.

आणि हे सगळं करूनही रंगाला एक मर्यादा होतीच. ठरावीक उंचीवर विमानामागे वाफेची पांढरी रेघ उमटते. ती उमटली की निळा काय नि गुलाबी काय, सगळा रंग वाया. म्हणून वैमानिक सतत मागे बघत, रेघ दिसली की उंची बदलत. मला यातून कळतं ते एवढंच: रंग वैमानिकाला वाचवत नव्हता, त्याला थोडा वेळ मिळवून देत होता. निसटायला तेवढा वेळ बरेचदा पुरायचा.